भिंतीकडची खुर्ची

टेबल कसं लावायचं ते तिनं कामावर असतानाच ठरवलं होतं. हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीत दिवसभर लोकांची वयं आणि दुखणी टाइप करताना तिच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. घरी आल्यावर पर्स खांद्यावर असतानाच तिनं टेबल ओढायला घेतलं.

टेबल जुन्या सामानाच्या दुकानातलं, जड. एक पाय आखूड म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. ओढताना ती घडी निसटली, मान अवघडली, पण शेवटी टेबलाचं एक टोक खिडकीखालच्या भिंतीला टेकलं. कपाटाच्या बाजूला तिनं दोन खुर्च्या ठेवल्या, एक भिंतीकडे आणि एक बाहेर. बाहेरच्या खुर्चीवर माणूस बसला की भिंतीकडच्याला उठून जायला वाट उरत नव्हती. तिनं स्वतः बसून पाहिलं. मग समोरच्या बाजूला आणखी दोन खुर्च्या मांडल्या. त्यातली एक शेजारणीची होती.

भिंतीकडची खुर्ची नवऱ्यासाठी होती.

तो एका मोठ्या हॉटेलात वेटर होता, मेजवान्यांच्या हॉलमध्ये. घरी कुणी जेवायला आलं की तो बसत नसे. सगळ्यांना वाढत राही आणि स्वतः मागाहून ओट्याशी उभ्याउभ्याच जेवून घेई. मागच्या खेपेला तिचा मोठा भाऊ आणि वहिनी आले, तेव्हाही असंच झालं. जेवण संपल्यावर दादानं खुर्चीत मागं रेलून, हसत म्हटलं होतं, “चला, आता बिल आणा.” सगळे हसले. नवराही हसला. तिला मात्र त्या रात्री झोप आली नव्हती. त्यानंतर तिनं दादाला जेवायला बोलावलं नव्हतं. आज दोघं आपणहून येणार होते, आणि तिची एकच इच्छा होती: नवऱ्यानं सगळ्यांबरोबर बसावं आणि शेवटपर्यंत बसून राहावं.

तिनं सकाळीच त्याला तसं बजावलं होतं. तो बूट घालता घालता म्हणाला होता, “बसलो की माझं काही खरं नाही.” तिला ती टाळाटाळ वाटली.

उठायला निमित्तच राहू नये म्हणून तिनं सगळं आधीच टेबलावर आणून ठेवलं. भात, डाळ, रस्सा, भाजी, मीठ, लिंबू, पाण्याचा जग. ताटांच्या मधे बोट ठेवायला जागा उरली नाही. कपाटातले चांगले ग्लास निघाले. त्यातल्या एकाचा कपचा उडालेला होता, तो तिनं स्वतःपुढे ठेवला.

नवरा आला तो दुपारची मोठी मेजवानी उरकून. सकाळपासून पायांवर होता. हात धुतले आणि टेबलाकडे पाहताच त्याचे हात आपोआप चालू लागले. चमचे अंगठ्यानं मापून सरळ केले, कागदी रुमालांचे पंखे वळायला घेतले. तिनं एकेक पंखा उलगडून परत सपाट केला. मग त्याचं लक्ष त्या खुर्चीकडे गेलं.

“इथून निघायचं कसं?”

“निघायचं नाही.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण वाद घातला नाही. वाद घालण्याइतकी ताकद दोघांतही नव्हती.

दादा आणि वहिनी वेळेवर आले. नवरा निमूटपणे आत सरकून बसला, बाहेरच्या खुर्चीवर दादा. समोर वहिनी आणि ती. दादानं बदलीची हकिगत सुरू केली. नवा साहेब कसा आहे, जुना कसा होता, दोघांना त्यानं कसं गुंडाळलं. वहिनी मधूनमधून न्हाणीघराच्या नव्या फरशीवर येत होती आणि दादा तिला परत साहेबावर आणत होता.

तेवढ्यात वहिनीचा चमचा खाली पडला. तो जमिनीला लागायच्या आत नवरा अर्धा उठला होता. मांड्या टेबलाला आपटल्या, रस्सा टेबलावरच्या कापडावर सांडला. दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

“बसा हो, जावईबापू. इथं कुणी टिप देणार नाही.”

नवरा हसला. ती हसली नाही. तिनं डागावर मिठाची चिमूट टाकली आणि डाळीचं भांडं त्यावर सरकवलं.

मग बराच वेळ काही घडलं नाही. साहेब, फरशी, पुन्हा साहेब. जगमधलं पाणी संपलं. दादाचा ग्लास रिकामा झाला आणि बोलणं न थांबवता त्यानं एक बोट वर केलं. ऑफिसात त्याच्या बोटावर धावणारी माणसं होती. बोट हवेत राहिलं. तिचे पाय उठायला निघाले होते, ते तिनं खुर्चीच्या दांडीला अडकवून ठेवले.

“कुणाला बोलावताय?” वहिनी म्हणाली. “सगळे बसलेत.”

दादानं बोटाकडे पाहिलं, ते खाली घेतलं, आणि जग उचलून स्वयंपाकघरात गेला.

बाहेरची खुर्ची रिकामी झाली. वाट मोकळी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हलला नाही. आतून दादा फिल्टर कुठं आहे म्हणून विचारत होता, तरीही नाही. क्षणभर तिला त्याचा अभिमान वाटला. मग दिसलं, त्याचं डोकं भिंतीला टेकलं होतं आणि हातातला घास ताटात सुटला होता.

दादा जग घेऊन आला. “माझं बोलणं एवढं कंटाळवाणं आहे का गं, चिमे?”

“तो बसला की झोपतो,” ती म्हणाली, आणि हे आपल्याला आत्ताच कळतंय हे तिला बोलता बोलता जाणवलं. “म्हणून बसत नाही.”

दादानं सगळ्यांचे ग्लास काठोकाठ भरले. पुढचं बोलणं हळू आवाजात झालं. साहेबाचा विषय तिथंच राहिला.

दाराशी तिनं विचारलं, मागच्या वेळी तू बिल मागितलं होतंस, आठवतं का. दादा बुटाची नाडी बांधत होता. मी? कधी? त्याला खरंच आठवत नव्हतं.

“मागितलं होतंत,” वहिनी म्हणाली. “मला आठवतंय.”

दादा नाडी बांधतच राहिला. जाताना त्यानं आपल्यामागं दार आवाज न करता लावून घेतलं.

ती परत आली. टेबलावर उष्टी ताटं, सुकलेला भात, डाळीच्या भांड्याखालून डोकावणारा डाग. सकाळी तिलाही लवकर जायचं होतं. ती आवरायला लागली नाही. बाहेरच्या खुर्चीवर, नवऱ्याशेजारी बसली.

खुर्चीच्या करकरीनं तो हलला. डोळे मिटलेलेच होते.

“जेवले सगळे?”

“जेवले.”

“मग उचलतो.” त्याचा हात समोरच्या ताटाकडे गेला.

“मी उठल्याशिवाय तुला निघता येणार नाही,” ती म्हणाली, आणि उठली नाही.