दोघींची एक रायफल

नेमबाजीच्या क्लबमध्ये फळ्यावर डोंगरी स्पर्धेचा कागद लागला आणि डॉक्टरीणबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. दवाखान्यात एका पेशंटला तिने तोंड उघडायला सांगितलं आणि स्वतःच गुणगुणत बसली. तो बिचारा आ वासून वाट बघतोय! डॉक्टरीण दातांची होती. हात स्थिर, नजर बारीक आणि धीर दांडगा. हे तिन्ही गुण तिच्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हेरले होते आणि सुनेला सरळ नेमबाजीच्या मैदानावर नेऊन उभं केलं होतं. तोवर सुनेला रायफलीचं बूड कुठलं आणि टोक कुठलं हेही ठाऊक नव्हतं. आता तिला मागे ओढावं लागे.

स्पर्धेचा नियम यंदा नवा होता. जोडीने उतरायचं. डोंगर पायी चढायचा, सगळं सामान आपलं आपण वाहायचं, वाटेत ठिकठिकाणी थांबून दरीपलीकडे टांगलेल्या पोलादी पाट्यांवर नेम धरायचा. शेवटची पाटी तर इतकी लांब की नुसत्या डोळ्यांना सदऱ्याच्या बटणाएवढी दिसावी. आणि खरी मेख पुढेच होती. जोडीला रायफल एकच, आणि दोघांनीही ती चालवायची.

"म्हणजे आई, तुम्हालाही मारावं लागणार," सून म्हणाली.

"मग? मी काय तिथे टाळ्या वाजवायला येणार होते?" सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी उभा जन्म कोट शिवण्यात घालवला होता. आता दुकान बंद केलं होतं, पण गळ्यातली मापाची टेप काही सुटली नव्हती. उंची पाच फुटांना जरा कमीच. सून मात्र दारातून वाकून आत येणारी. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की नवरा, म्हणजे सासूबाईंचा मुलगा, म्हणायचा, "एक रायफल तुम्हा दोघींना बसणार म्हणजे जिराफाचा सदरा सशाला बसण्यासारखं आहे." तो शाळेत भूगोल शिकवायचा. डोंगर त्याला नकाशावरच आवडायचे.

घरातली जुनी रायफल अचूक होती यात वाद नाही. पण वजन असं, की ती घेऊन डोंगर चढायचा म्हणजे लोखंडी खाट पाठीवर घेऊन निघण्यासारखं. हलकी रायफल हवी होती. सुट्टीच्या दिवशी सकाळीच दोघी दुकानात हजर झाल्या.

दुकानदाराने त्यांच्या मागे दाराकडे पाहिलं. "साहेब नाही आले?"

"साहेब भांडी घासतायत," सासूबाई म्हणाल्या. "रायफल आम्हाला हवीय. हलकी, लांबच्या नेमाची, बोल्टची. दर गोळीला आपल्या हाताने दांडा मागेपुढे ओढायचा, तसली."

दुकानदार गोरामोरा झाला. परवाने तपासून त्याने साखळी उघडली आणि एक काळीभोर, सडपातळ रायफल मखमलीवर ठेवली. सासूबाईंनी सवयीप्रमाणे आधी बोल्ट मागे ओढला, आत बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच सुनेच्या हातात दिली.

सुनेच्या तोंडून "आई गं!" एवढंच निघालं. पीसच होतं ते! एका हाताने उचलावी आणि दिवसभर मिरवावी. तिने खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. लहान मूल नवे बूट घालून घरभर फिरतं तशी तिची गत झाली.

"हीच घेऊया आई!"

"थांब जरा. दुकानातल्या आरशात सगळेच कोट छान दिसतात."

दुकानामागेच मैदान होतं. आवाज अडवणारे कानटोप चढवून सून पालथी झोपली. पहिल्या तीन गोळ्या अशा एकात एक बसल्या की वर नाणं ठेवलं तर झाकून जावीत. सुनेने मान वळवून विजयी नजरेने पाहिलं. चौथी जरा वर गेली. पाचवी उजवीकडे. सहावीने तर सोयरीकच तोडली. बारीक नळी तापली होती आणि तापली की मनाला येईल तिकडे गोळी धाडत होती. शिवाय प्रत्येक बाराला खांद्यावर अशी लाथ बसत होती की सून उठली ती खांदा चोळतच.

सासूबाईंनी नळीजवळ तळहात नेऊन ऊब पाहिली. "कोट हलका करायचा म्हणून यांनी अस्तरच काढून टाकलंय."

दुकानदाराने दुसरी आणली, जाड नळीची. ही मात्र गुणी! सुनेने कितीही गोळ्या झाडल्या तरी भोकं एकमेकांना सोडेनात. आता सून हिच्या प्रेमात पडली. "वजनाचं काही नाही आई, मी नेईन की उचलून."

"नेशील? मग त्या टेकाडावर जाऊन ये बघू. पळत."

मैदानाच्या कडेला मातीचं टेकाड होतं. रायफल रिकामी करून सुनेने ती पाठीवर घेतली आणि हट्टाने धावत सुटली. परत आली तेव्हा तिचा भाता झाला होता. तशीच आडवी पडली आणि दुर्बिणीतून पाहिलं, तर लक्ष्य लेझीम खेळत होतं. गोळी मारण्यात अर्थच नव्हता. ती नुसतीच हसत सुटली, आणि तिच्याबरोबर सासूबाईही.

"आणखी एक आहे," दुकानदार चाचरत म्हणाला. आता त्यालाही चेव चढला होता. "पण रंग बघून कोणी हात लावत नाही."

रंग खरंच चिखलाचा होता. पण सासूबाईंनी ती हातात घेतली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. नळी मध्यम होती, ना काडी ना मुसळ. वजन वाचवलं होतं ते दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागात. तो कार्बनचा, आतून पोकळ, तरी टणक. नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारी भोकाभोकांची टोपी. आणि दस्त्याच्या बुडाशी एक कळ, ती दाबली की दस्ता आखूड व्हायचा किंवा लांब.

सासूबाईंनी गळ्यातली टेप काढली. कोपराच्या खोबणीपासून चापावरच्या बोटापर्यंत आधी सुनेचं माप घेतलं, मग सुनेला आपलं घ्यायला लावलं. कळ दाबून दस्ता पुढेमागे करून पाहिला. दोन्ही मापं बसली!

"अगं, हा तर ससा आणि जिराफ दोघांचाही सदरा निघाला!" त्या ओरडल्याच.

मग टेकाड झालं, पळणं झालं, तापलेल्या नळीने मारून झालं. गोळ्या पहिलीसारख्या एकात एक बसल्या नाहीत, पण शेजार सोडून कुठे गेल्या नाहीत, आणि नळी तापली तरी त्यांनी घर बदललं नाही. शेवटी सासूबाई झोपल्या. त्यांचा खांदा दुखरा होता, म्हणून बरीच वर्षं त्यांनी मोठ्या गोळीची रायफल चालवली नव्हती. बार झाला. सुनेचा जीव टांगणीला. सासूबाईंनी हळूच डोळा उघडला.

"धक्का बसला?" सुनेने विचारलं.

"बसला. जावयाने केलेल्या नमस्काराएवढा."

दुकानदार वर भली थोरली दुर्बीण बसवायला निघाला होता. "नाकापेक्षा मोती जड नको," म्हणून सासूबाईंनी त्याला आवरलं आणि बेताची दुर्बीण बसवून घेतली.

स्पर्धेच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि वारा खोडकर. चढ छातीवर येणारा. रायफल आळीपाळीने पाठीवर घेत दोघी चढत राहिल्या. पुढची तरणीबांड जोडी जड रायफलीचे पट्टे सारखे करत वाटेत बसलेली दिसली, तेव्हा सासूबाई त्यांना पाण्याची बाटली देऊन पुढे झाल्या. पहिली पाटी वाजली. दुसरीही. तिसरीला सुनेने घाई केली आणि ती हुकली. "गेली ती गेली," सासूबाई म्हणाल्या. "उसवलेलं बघत बसलं तर पुढचा टाका चुकतो."

शेवटच्या कड्यावर पोचल्या तेव्हा गर्दी जमली होती. बटणाएवढी पाटी दरीपलीकडे डुलत होती. तोवर ती फक्त एकाच जोडीने वाजवली होती. जोडीतल्या कोणी मारायचं ते चिठ्ठी टाकून ठरत होतं. पंचाने चिठ्ठी उलगडली आणि सासूबाईंकडे बोट केलं. गोळ्या दोन.

सुनेने कळ दाबून दस्ता आखूड केला.  मग गोळी कुठे पडते ते सांगायला ती कड्यावर तिकाटण्यावर लावलेल्या वेगळ्या दुर्बिणीमागे बसली.

"वारा डावीकडून आहे, आई. गवत वाकलंय. काचेतल्या दोन खुणा डावीकडे धरा."

बार! पाटी गप्प. पण पलीकडे मातीचा धुरळा उडाला, तो सुनेने नेमका टिपला.

"डावीकडे गेली! दरीत मध्येच वारा नाही. एकच खूण धरा. एकच!"

सासूबाईंनी बोल्ट ओढला. तो लोण्यातून सुरी जावी तसा मागे आला, पुढे गेला. श्वास अर्धा सोडला. सगळा डोंगर जणू कान देऊन उभा राहिला.

बार झाला आणि काहीच ऐकू आलं नाही. सुनेला दुर्बिणीत मात्र पाटी गपकन मागे गेलेली दिसली. तिने तोंड उघडायच्या आत दरी ओलांडून तो आवाज येऊन पोचला. टण्ण!

सून मुळात उंच, ती उडाली आणखी वर, आणि सासूबाईंना तिने आडव्याच उचललं. पंच ओरडला, "आधी बोल्ट उघडा, मग नाचा!" तशी दोघी ओशाळल्या, बोल्ट उघडला आणि नाचल्या.

दुसरा नंबर आला. पहिल्या जोडीने तिसरी पाटीही वाजवली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पायथ्याशी नवरा उभा होता. लांबून त्याला दोघींचे चेहरे दिसले आणि तो हात हलवत वर धावत सुटला, नकाशाबिकाशा न बघता.

"द्या आई ती रायफल, मी घेते," सून उताराला म्हणाली.

"चल, हो बाजूला," सासूबाई म्हणाल्या आणि पट्टा खांद्यावर सरसावून तिच्या पुढे उतरू लागल्या. "पुढच्या वर्षी तिसरी पाटी मी मारणार."