पुढची येईपर्यंत

मी एक जुना टाळ आहे. दोन पितळी वाट्या आणि मधली सुती दोरी, एवढाच माझा देह. कवठे येमाईच्या हौसराव आबांच्या हातात मी किती हरिनाम सप्ताहांत वाजलो, ते पांडुरंगालाच ठाऊक. सप्ताहात पहाऱ्याला उभा राहिलेला माणूस पुढचा आल्याशिवाय वीणा खाली ठेवत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

आबांची बोटं आखडली, तेव्हा त्यांनी मला अंगणवाडीच्या सुलक्षणाताईंकडे दिलं. मित्रांनो, मला ते पटलं नाही. ही पोरं मला आपटणार, असा दाट संशय होता. आबांनाही असावा, जाताना ते सारखे मागे वळून बघत होते.

ताईंनी पहाऱ्याचाच खेळ केला. ज्याच्या हाती टाळ, त्यानं वाजवायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. ताईंचा हात वर गेला की मला छातीशी धरून गप्प व्हायचं आणि पुढच्याला द्यायचं. खाली ठेवायचं नाही. सुरुवातीला ओढाओढीत माझी दोरीच तुटली, ताईंना नवी ओवावी लागली. संशय खरा ठरला म्हणून मी मनात जरा सुखावलोही.

एके दिवशी गौतमीची पाळी संपली आणि पुढची शितल हात धुवायला बाहेर गेलेली. ताई खिचडी वाढू लागल्या. सगळी पोरं जेवायला बसली. गौतमी मात्र मला छातीशी धरून उभी. तेवढ्यात तिची आजी, जाईबाई, दारात आली.

"बाकीची जेवत्यात आन् आमचीच उभी का वो बाई?"

ताईंनी खेळ समजावून सांगितला. जाईबाईंना तो खरा वाटला नाही. आपल्या माणसांना पंगतीबाहेर ठेवायची अशी कारणं त्यांनी जन्मभर ऐकली होती. त्यांनी खिळ्यावरचं दप्तर काढलं, उद्यापासून पोरगी येणार नाही म्हणाल्या आणि मला ओढलं. आता ही मला भिरकावणार, असं मला वाटलं.

"ठिव ते खाली. चल घरी."

"न्हाई. शितलची पाळी हाय."

गौतमी रडवेली झाली, पण तिची मूठ सुटली नाही. मग शितल आली. गौतमीनं मला कपाळाला लावलं, शितलच्या ओल्या हातात ठेवलं आणि थेट ताटाकडे पळाली.

जाईबाईंनी दप्तर खिळ्याला परत अडकवलं. "उद्या येऊन बघीन," एवढंच म्हणाल्या.

आल्या, आणि दाराशीच बसल्या, ताईंवर डोळा ठेवून. फिरत फिरत पाळी गौतमीवर आली. तिनं वाजवून मला आजीच्या हातात दिलं. जाईबाई गडबडल्या. पुढं कोण, कुणालाच कळेना.

मित्रांनो, आम्हा टाळांची दोरी अधूनमधून बघत जा, ती झिजते. आणि पाळी संपली तरी आम्हाला टाकून जाऊ नका. जाईबाईसुद्धा मला छातीशी धरून गप्प बसून राहिल्या, पुढचं कुणी येईपर्यंत.