कोरडी जखम

ताईने कापसाचा बोळा जखमेच्या कडेवरून अलगद फिरवला, पिवळट ओल टिपली आणि जाळीची पट्टी पुन्हा होती तशी बसवली. धाकट्याने डोळेही उघडले नाहीत. बोळा रुमालात बांधून तिने पिशवीच्या तळाशी सारला आणि हातमोजे काढून खुर्चीत बसली. डॉक्टरबाईंची फेरी अजून व्हायची होती.

ही दोघं भावंडं मिळून बेकरी चालवत. पावावर बुरशीचा ठिपका दिसला की गिऱ्हाइकाची नजर जायच्या आत तो उचलायचा, ही ताईची लहानपणापासूनची सवय. मग धाकट्याला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी रोगाबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही गेल्या, आणि उजव्या मनगटावर, सलाइनची सुई चिकटपट्टीने बसवली होती तिथे, काळा डाग उठला. तपासणीत बुरशी निघाली. तिच्यावरचं औषध चालू होतं, तरी डाग सरकतच होता. उद्या सकाळी सर्जन येऊन ठरवणार होते, नुसता डाग कापायचा की हातच काढायचा. पीठ मळायचा हात.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतं. बुरशीचे कण हवेत असतातच, रोज श्वासातून आत जातात, आणि पांढऱ्या पेशी ते गिळून टाकतात. कण रुजून त्याला लांब धागा फुटला की गिळता येत नाही. मग त्या पेशी धाग्याला गराडा घालतात, स्वतः फुटून आपल्या आतलं जाळं त्याच्यावर टाकतात आणि तिथेच मरतात.

“म्हणजे आमच्या पहाटेच्या पाळीसारख्याच,” धाकटा तेव्हा म्हणाला होता. “काम झालं की जागीच आडव्या.”

“तू कधी काम झाल्यावर आडवा झालास?” ताई म्हणाली होती. “आधीच व्हायचास.”

त्यानंतर थट्टा करायचं त्राण दोघांतही उरलं नव्हतं. रोज सकाळी रक्त तपासलं जाई आणि रोज तेच कळे, पेशी नाहीत. त्यात काल डागाच्या कडेला ही ओल दिसली. हात सडायला लागला, असंच ताईच्या मनाने घेतलं. सर्जनने हे पाहिलं तर हात राहत नाही. म्हणून ती फेरीच्या आधी टिपून घेत होती.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पट्टी उचलून बराच वेळ पाहिलं, धाकट्याची बोटं एकेक करून दाबली. बोटांत त्याला काहीच जाणवलं नाही.

“अजून कोरडीच,” त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या. “शरीराकडून काहीच उठाव नाही. थोडा पू जरी धरला असता, तरी मी सर्जनना थांबा म्हटलं असतं.”

“पू?” ताई म्हणाली.

“पू म्हणजे त्याच पेशी हो. लढून मेलेल्या.”

ताईने पिशवी पुढे ओढली. रुमालाची गाठ तिला लवकर सुटेना.

“कालपासून टिपतेय मी,” ती म्हणाली. “हात जाऊ नये म्हणून.”

डॉक्टरबाईंनी बोळा उजेडात धरून पाहिला आणि त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या. रक्तात तर सकाळी एकही पेशी नव्हती, असं ताईने चाचरत विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की पहिल्या थोड्या तयार होतात त्या रक्तात रेंगाळत नाहीत, थेट जखमेवर जातात. पण पू दुसऱ्या जंतूंमुळेही होतो, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांनी जखमेच्या कडेचा नवा नमुना घेतला आणि जाताना दारातच सर्जनना फोन लावला.

संध्याकाळी निरोप आला, पेशी सापडल्या. कापायचं दोन दिवस पुढे ढकललं होतं, रद्द नव्हे.

सकाळी धाकटा कण्हत जागा झाला.

“ताई, हात ठणकतोय.”

“कुठपर्यंत?”

“पार बोटांपर्यंत. सिस्टरना सांग ना, काहीतरी द्या म्हणावं.”

“सांगते,” ती म्हणाली, पण लगेच उठली नाही. तिने डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटले.

“करंगळीत पण?”

“हो गं, करंगळीत पण,” तो वैतागून म्हणाला.