सातवा प्रश्न

चाळीस वर्षं शाळेत कॉपी करणाऱ्यांचे कान पिळले, आणि म्हातारपणी हाडांच्या वॉर्डात, नवा गुडघा घालून पडल्यापडल्या मीच लुआनला कॉपी करू दिली.

लुआन म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या यूलिएनचा नवरा. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर नर्सनं आम्हाला दहा प्रश्नांचा कागद दिला: पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून काय करायचं, काय टाळायचं. यूलिएनला वाचता येत नाही. तिचा कागद भरताना लुआननं माझ्या कागदात डोकं घातलं आणि दहापैकी दहा मिळवले. नर्स खूश, तो खूश. कोण वाद घालणार, म्हणून मीही गप्प बसले.

पाय हलवत राहा, असं कागदात होतं, पण यूलिएननं पाऊल जरा हलवलं की तो खेकसायचा, "गप पड! हाड मोडलं की शंभर दिवस हलायचं नाही, आई सांगून गेलीय माझी." वर हाड जुळावं म्हणून डुकराच्या हाडांचं सूप पाजायचा.

पाचव्या दुपारी ती म्हणाली, "पोटरी ठणकतेय." पांघरूण काढलं, तर डावी पोटरी उजवीच्या दीडपट फुगलेली, तुकतुकीत. लुआननं पिशवीतून जडीबुटीच्या दारूची बाटली काढली, तळहातावर ओतली आणि हात चोळून गरम केले.

"लुआनभाऊ, चोळू नका!" मी ओरडले.

"फान बाई, तुम्ही पुस्तकं शिकवा. मी गावात बैलांचे पाय चोळून बरे केलेत."

"सातव्या प्रश्नाला काय लिहिलंत?"

"तुम्ही लिहिलंत तेच!"

"म्हणजे काय?"

तो थांबला. त्याला आठवेना. "असेल काहीतरी," म्हणत त्यानं अंगठे पोटरीवर टेकवले.

मी घंटी दाबून धरली होती, पण कोणी येईना. हे पाप माझं होतं. वॉकर ओढून मी उभी राहिले, कळ मस्तकात गेली. दोन पावलं टाकून त्याचं मनगट पकडलं.

"आत गाठ असली तर चोळल्यानं सुटेल, फुप्फुसात जाऊन बसेल. तुमच्या हाताखाली मरेल ती, कळतंय का?"

त्यानं चटका बसल्यासारखे अंगठे उचलले. तेवढ्यात नर्स धावत आली.

तपासणीत गाठ निघाली, चांगली मोठी. आठवडाभर औषधं आणि सुया चालल्या, मग डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

कॉपीचं मी सांगून टाकलं होतं. नर्सनं दोघांनाही चार शब्द सुनावले आणि नवा कागद आणून दिला. लुआनची मान सवयीनं माझ्याकडे वळली. यूलिएननं कागद त्याच्या हातातून ओढून मला दिला.

"बाई, मला वाचून दाखवा. पाय माझा आहे."

मी एकेक प्रश्न वाचत सातव्यावर आले. "पोटरी सुजली तर काय करायचं?"

"चोळायचं नाही, नर्सला बोलवायचं," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून, "पण आधी या म्हाताऱ्याचे हात बांधायचे."

लुआन हसला नाही. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दडवले.