नमुना

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सरांना नेतृत्वावर बोलायला कुणी सांगावं लागत नसे. थांबा म्हणून मात्र सांगावं लागे. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. यंदा तर त्यांनी विडाच उचलला होता. वसतिगृहातल्या प्रत्येकाचं नाव मतदारयादीत घालायचं आणि मतदानाच्या दिवशी स्वतः सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं.

आवारातल्या घरात नुकतेच राहायला आल्यामुळे सरांनाही नव्याने नाव नोंदवायचं होतं. त्यांनी आपला अर्ज सुवाच्य अक्षरात भरला, वर तांबड्या शाईने 'नमुना' लिहिलं आणि मुलांनी बघून भरावा म्हणून सूचनाफलकावर लावला. मुलांनी तो इतका मन लावून पाहिला की दोघांनी जन्मतारीखही सरांचीच उतरवली. सरांनी त्यांची खरडपट्टी काढली, सगळे अर्ज तपासले आणि शेवटच्या दिवशी छाती फुगवून कचेरीत नेऊन दिले.

मतदानाच्या सकाळी रांगेत सर पहिले. टेबलामागच्या बाईंनी यादी पुढून पाहिली, मागून पाहिली. नाव नाही. सर आवाज चढवणार, एवढ्यात वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलेली मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुमचा अर्ज अजून फलकावरच आहे."

कसला अर्ज, असं बाईंनी विचारलं.

"नमुना," सर म्हणाले.

अख्खी रांग हसली. सरांना तोंड कुठे लपवावं कळेना; पण खोटं कशाला बोला, हसू त्यांनाही आलं.

सर नाहीत तर आपणही नको, असं दोघं-तिघं पुटपुटले. तेव्हा तीच मुलगी पुढे झाली. मोबाईल आत चालत नाहीत, ते सरांकडे द्या आणि ओळखपत्रं हातात काढा, असं तिने सांगितलं आणि सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं. वीस वर्षं घसा फोडून सरांना जे जमलं नव्हतं, ते तिने एका दमात उरकलं. सरांना जरा लागलं, पण अभिमान त्याहून जास्त वाटला.

पिशवीभर मोबाईल सांभाळत ते दाराशी उभे राहिले. त्यातला तिचाच वाजला. पडद्यावर 'आई'.

"ती मत द्यायला आत गेलीय. मी तिचे सर बोलतोय."

"तुम्ही नाही गेलात?"

थाप मारणं सोपं होतं. "माझा अर्ज द्यायचाच राहिला."

"असू द्या, सर. पुढच्या वेळी तिला सांगते, तुमचाही भरून देईल."

"सांगाच," सर म्हणाले. "मी विसरेन."