अडतीस किलोमीटर

गाडी तपासायच्या आधीच साहेब गुन्हेगार ठरवून मोकळे झाले होते. अहवाल टाइप झालेला, शिक्का बसलेला, फक्त वर्कशॉपच्या मिस्त्रीची सही बाकी. चढावर अॅम्ब्युलन्स फसली, आतली अडलेली बाई वाटेतच गेली, आणि दोष कुणाचा? ड्रायव्हरचा. म्हणे त्याने फोर-व्हील टाकलंच नाही.

"नमनाला घडाभर तेल कशाला, मिस्त्री?" साहेब म्हणाले. "करून टाका सही."

"गाडीला विचारून करतो." मिस्त्रीने स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली.

ज्याला नोकरीवरून काढायचं ठरलं होतं तो ड्रायव्हर वर्कशॉपच्या दाराशी उभा होता. आत यायची त्याला बंदी होती. तिथूनच म्हणाला, "दादा, मी बटण फिरवलं होतं. तीनदा. खालून आवाजच आला नाही."

"गप उभा राहा. तुझं कोण ऐकतंय इथे?" साहेब खेकसले.

पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी गाडीच्या पोटाखाली असते. बटण फिरवलं की तिच्यावरची छोटी मोटार कुरकुरत आतले दाते जुळवते. मिस्त्रीने बटण फिरवलं. मग स्कॅनरवरून थेट मोटारीला हुकूम सोडला. पेटी मुकी. पडद्यावर बिघाडाचा कोड आला : मोटारीचं सर्किट तुटलेलं.

"मोटार मेलीय, साहेब."

"चढावर रेटून त्यानेच मारली असेल."

मिस्त्रीची कानशिलं तापली. हीच मोटार बदला म्हणून त्याने दोन महिन्यांपूर्वी लेखी दिलं होतं. कागद 'नंतर पाहू' असा शेरा घेऊन परत आला होता. त्याने पडद्याचं पुढचं पान उघडलं. ते पान सहसा कुणी बघत नाही. कोड पुसल्यापासून धावलेलं अंतर : ३८ किमी.

त्याने लॉगबुक ओढलं. गाडी फसली त्या सकाळी निघतानाचा आकडा पाहिला, मीटरवरचा आकडा पाहिला. चढावरून गाडी क्रेनवर लादून आणलेली, म्हणजे पुढे मीटर हललंच नव्हतं. वजाबाकी दोनदा केली. अडतीस. म्हणजे कोड निघतानाच पुसलेला.

दाराकडे न बघताच त्याने विचारलं, "त्या दिवशी डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा होता का रे?"

"नव्हता, दादा. असता तर मी ही नेली असती का? दुसरी गाडी आवारातच उभी होती."

मिस्त्रीला आठवलं. मागच्या महिन्यात तपासणी पथक यायचं होतं, तेव्हा साहेबांनी गोड बोलून विचारलं होतं, तो दिवा घालवायचा कसा? आणि मिस्त्रीनेच शहाणपणाने दाखवलं होतं. दोन बटणं दाबून कोड पुसायचा, झालं. दिवा विझतो. दुखणं तिथंच राहतं.

त्याने अहवालावर सहीच्या जागी आकडा लिहिला. खाली लिहिलं : 'कोड पुसायला मीच शिकवलं.' त्याखाली सही केली.

"हे काय लिहिलंत?" साहेबांचा आवाज खाली आला. "स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय."

"पडू दे. माझा पाय आहे."

त्याने स्कॅनरचा पडदा साहेबांच्या तोंडासमोर धरला. हात ग्रीसने माखलेला होता.

"महागाचं यंत्र म्हणून हे तुमच्या कपाटात असतं. किल्ली तुमच्या खिशात. गाडी दारातून निघायच्या आधी दिवा कोणी घालवला, साहेब? नाव सांगा. त्याशिवाय मी इथून हलत नाही."