ज्यांना विचारलंच नाही

डॉ. शुभदा मॅडमची ओळख करून द्यायचं काम हेडसरांनी मला दिलं. वक्तृत्वात मी महागाव तालुक्यात पहिली आले होते, त्यामुळे आता मला माइकची भीती नव्हती. माइकलाच माझी वाटत असावी.

मी धडाधड सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मॅडमनी आमच्या शाळेवर लेख लिहिला, तो परदेशात छापला गेला, मोठमोठ्या समित्यांनी त्याचा आधार घेतला. कापूस वेचणीमुळे मुलींची शाळा सुटत नाही, असं त्यात सिद्ध केलं होतं. म्हणूनच वेचणीच्या दिवसांत मुली शाळेतच राहाव्यात म्हणून वसतिगृह द्या ही गावाची मागणी बारगळली, हे मात्र मी भाषणात घेतलं नाही.

चहाच्या वेळी विचारलं, "मॅडम, तुम्ही मुलींना कुठं विचारलं होतं?"

"तुमच्याच वर्गात. दिवाळीनंतर."

"तेव्हा तर वेचणी असते. जिची शाळा सुटली, ती वर्गात कशी सापडंल?"

"झालं तुझं भाषण," हेडसर म्हणाले. मॅडमनी मात्र कप खाली ठेवला.

मी त्यांना शेतात नेलं. कापसाचा भाव पडल्यापासून मजूर परवडत नव्हते, म्हणून घरच्या पोरीच वेचत होत्या. माझ्या बाकावरची दीपमाला वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधून वाकली होती.

"मी लेख दुरुस्त करीन," मॅडम तिला म्हणाल्या. "वसतिगृह मिळेल."

"आता कायले, मॅडम? होळी झाली का लगन हाय माझं."

परतताना मॅडमनी विचारलं, "आणखी कोण?"

मी नावं सांगू लागले. फाटा आला तरी ती संपली नव्हती.